वीरगळांसाठी कॅमेरा निवडताना

सांगली-कोल्हापूरकडच्या नदीकाठच्या गावांत जुन्या महादेवाच्या देवळाबाहेर हमखास दोन-चार वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीत उभे केलेले कोरीव दगड, दिसतात. एखादा कट्ट्याला टेकवलेला, एखादा पिंपळाच्या मुळांत अडकलेला, एखादा निम्मा जमिनीत गेलेला. गेली काही वर्षं शाळेला सुट्टी लागली की मी हे दगड बघत, नोंदवत फिरते. खालच्या चौकटीत लढाई किंवा गाईगुरांसाठी झालेली झटापट, त्यावर वीराला वर घेऊन जाणाऱ्या अप्सरा, सगळ्यांत वर शिवलिंगाची पूजा, माथ्याशी चंद्र-सूर्य. मांडणी साधारण ठरलेली असते, तरी एकासारखा दुसरा नसतो. कुठे वीराच्या हातात धनुष्य असतं, कुठे शेजारी कुत्रा असतो, कुठे खालच्या पट्टीवर अक्षरांच्या दोन ओळी असतात.

या ओळींमुळेच कॅमेऱ्याचा विषय निघाला. फोनवर काढलेले फोटो मी शिलालेख वाचणाऱ्या अभ्यासकांना पाठवत असे. त्यांचा निरोप बहुतेक वेळा एकच: अमुक ठिकाणी काना आहे की दगडाचा टवका उडालाय, ते कळत नाही. फोटो मोठा करून मी स्वतः बघितला तेव्हा कारण दिसलं. कमी उजेडात फोन फोटोतली खर, म्हणजे दाणेदार ठिपके, मिटवतो आणि मग कडा आपल्या अंदाजाने ठळक करतो. माणसाच्या चेहऱ्याला ते चालून जातं. झिजलेल्या दगडावर मात्र खरी रेघ पुसट होते आणि नसलेली रेघ उठून दिसते. नोंद म्हणून ठेवायच्या फोटोत हे चालणार नव्हतं. मला सेन्सरवर जे पडलं तेच, म्हणजे रॉ फाइल हवी होती, आणि उजेडावर माझा ताबा हवा होता.

लेन्ससह साठ हजारांच्या आत बसवायचं, असं घरात ठरलं. मिररलेसचा, म्हणजे आत आरसा नसलेल्या नव्या पद्धतीच्या कॅमेऱ्याचा, सल्ला बऱ्याच जणांनी दिला आणि तो अजिबात चुकीचा नाही, कंपन्यांचं सगळं लक्ष आता तिकडेच आहे. पण माझ्या पैशात नवा मिररलेस म्हणजे बॉडी आणि सोबतची एक छोटी लेन्स, बस. कॅननचा सगळ्यांत स्वस्त आर१०० बघितला, तर त्याची स्क्रीन हलत नाही आणि तिला टचही नाही. उलट लोक मिररलेसकडे वळल्यामुळे चांगल्या स्थितीतले डीएसएलआर, म्हणजे आरशावाले आधीच्या पद्धतीचे कॅमेरे, आणि त्यांच्या लेन्स जुन्या बाजारात भरपूर आल्या आहेत. तेव्हा वापरलेला डीएसएलआर घ्यायचा आणि उरलेले पैसे लेन्सवर आणि उजेडावर घालायचे, हे पक्कं केलं.

कॅमेऱ्यांची तुलना वाचायला बसलं की संध्याकाळ जाते आणि हाती काही लागत नाही. २४ मेगापिक्सेल सगळीकडे, सेन्सरही जवळपास त्याच मापाचा. म्हणून मी उलट्या बाजूने सुरुवात केली. आधी मोजपट्टी घेऊन एका गावातल्या देवळात गेले. सभामंडपातल्या खांबाशी पाठ लावून समोरच्या देवकोष्ठापर्यंत, म्हणजे भिंतीतल्या मूर्तीच्या कोनाड्यापर्यंत, किती अंतर मिळतं, ते मोजलं. दोन मीटर. त्याहून मागे सरकायला जागाच नाही.

आता हिशेब सोपा आहे. अंतराला सेन्सरच्या रुंदीने गुणायचं आणि लेन्सच्या फोकल लेंथने (लेन्सवर मिलीमीटरमध्ये लिहिलेल्या आकड्याने) भागायचं, की चौकटीत किती रुंदी मावेल ते मिळतं. कॅननच्या या वर्गातल्या कॅमेऱ्यांचा सेन्सर २२.३ मिलीमीटर रुंद असतो. १८ मिलीमीटरच्या लेन्सने दोन मीटरवरून साधारण अडीच मीटर रुंदी मावते. १० मिलीमीटरच्या लेन्सने जवळजवळ साडेचार मीटर. ५० मिलीमीटरने जेमतेम ९० सेंटीमीटर. म्हणजे देवकोष्ठ आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे अर्धस्तंभ यांना १८-५५ ची नेहमीची लेन्स पुरते. मंडपाचा सगळा आवाका दाखवायचा तर १० लागते. आणि एकटी मूर्ती, डोळ्यांना दिसते तशी, अंगप्रत्यंग न ताणता घ्यायची तर ५० बरी. कुठलाही कॅमेरा घ्यायच्या आधी आपल्या जागेत हा भागाकार एकदा करून बघावा, असं मी आता विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

दुसरा प्रश्न अंधाराचा. खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको. स्वर्गमंडपाच्या छताला मोठं गोल उघडं आभाळ, खाली बारा खांबांचं वर्तुळ लखलखीत, आणि तिथून आत सभामंडपात पाऊल टाकलं की डोळे सरावेपर्यंत काही दिसत नाही. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूत ट्रायपॉड लावायचा तर आधी परवानगी लागते. ती दर सुट्टीला काढत बसणं शक्य नाही. त्यामुळे हातात धरून अंधारात फोटो यायला हवा, ही अटच होती.

अंधार म्हटलं की सगळे एफ/१.८ ची लेन्स घ्यायला सांगतात. एफच्या पुढचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं भोक, म्हणजे अ‍ॅपर्चर, मोठं. एफ/५.६ च्या तुलनेत ती जवळजवळ दहापट उजेड आत घेते, हे खरं. नाटकाचे फोटो काढणाऱ्याला, घरातली पोरंबाळं टिपणाऱ्याला तीच लागते, कारण माणूस हलतो. पण दगड हलत नाही! हलतो तो माझा हात. हाताचं हलणं आवरायला लेन्समधला स्टॅबिलायझर पुरेसा असतो, आणि शटर हवं तितका वेळ उघडं ठेवलं तरी मूर्तीचं काही बिघडत नाही. शिवाय एफ/१.८ ला दुसरी अडचण आहे. ५० मिलीमीटरच्या लेन्सने एक मीटरवरून एफ/१.८ वर फोटो काढला, तर स्पष्ट दिसणारी खोली असते साधारण अडीच सेंटीमीटर. आमच्याकडच्या मूर्ती त्याहून कितीतरी उठावाच्या. नाक स्पष्ट, कानातली कुंडलं धूसर. तो फोटो भिंतीवर लावायला सुंदर, नोंदवहीत निरुपयोगी. अ‍ॅपर्चर एफ/८ केलं की तीच खोली बारा सेंटीमीटरच्या घरात जाते आणि सगळी मूर्ती त्यात बसते.

म्हणून पहिली लेन्स ठरली ती कॅननची १०-१८, स्टॅबिलायझरवाली. अ‍ॅपर्चर एफ/४.५ पासून पुढे, म्हणजे कागदावर अगदी सामान्य. पण वजन फक्त २४० ग्रॅम, आणि स्टॅबिलायझर चार स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). १० मिलीमीटरवर श्वास रोखून, कोपर फासळ्यांना टेकवून मी पाव सेकंदाचा फोटो हातात धरून स्पष्ट काढू शकते. ट्रायपॉडविना सभामंडप येतो तो यामुळे. तिच्यात कडेचे खांब थोडे बाकदार येतात, आणि कॅमेरा वर उचलला की उभ्या रेषा माथ्याशी एकमेकींकडे झुकतात. बाक नंतर कॉम्प्युटरवर लेन्सच्या प्रोफाइलने सरळ होतो. झुकणं टाळायचं तर कॅमेरा सपाट धरायचा, त्याला दुसरा चांगला उपाय नाही.

आता बॉडी. लेन्स आधी ठरल्यामुळे इथे डोकं बरंच हलकं झालं होतं. निकॉनचा डी३५०० मला हातात फार आवडला. पकड उत्तम, एका चार्जिंगमध्ये दीड हजारावर फोटो. पण त्याची स्क्रीन पाठीला घट्ट बसवलेली. वीरगळ बहुधा गुडघ्याच्या उंचीवर असतात आणि छतावरची नक्षी डोक्यावर. साडी नेसून चिखलात आडवं पडून व्ह्यूफाइंडरला डोळा लावणं जमणार नव्हतं. बाहेर काढून फिरवता येणारी स्क्रीन हवीच. याच कारणाने कॅननचा १५००डी बाद झाला. स्वस्त आहे, नवा मिळतो, पण स्क्रीन पक्की.

उरले तीन: निकॉनचा डी५६००, कॅननचा २००डी आणि त्याच्या मागून २०१९ मध्ये आलेला २००डी मार्क २. डी५६०० ने मला बराच वेळ अडवून ठेवलं. स्क्रीन फिरते, फोकसचे बिंदू ३९, आणि निकॉनचीही १०-२० ची स्टॅबिलायझरवाली हलकी लेन्स आहे. फक्त ती वापरलेली सहज मिळेना, आणि स्क्रीनवर बघून फोकस करताना तो कॅननपेक्षा रेंगाळतो. २००डी मध्ये ड्युअल पिक्सेल फोकस आहे. स्क्रीनवर अक्षराला बोट लावलं की फोकस तिथेच बसतो. मला व्ह्यूफाइंडरपेक्षा स्क्रीनच जास्त वापरायची होती, म्हणून कॅनन.

मग मार्क २ का नको? तो नवा, फोर-के व्हिडिओवाला, बॅटरीला सरस. दुकानदारही तोच पुढे करत होते. पण मला बाजूने फ्लॅश टाकायचा होता, आणि इथे एक बारीक गोष्ट आडवी आली. कॅमेऱ्याच्या डोक्यावर फ्लॅश सरकवायची खाच असते, तिच्या मधोमध धातूची एक टिकली असते. वर्षानुवर्षं कुठलाही साधा फ्लॅश किंवा ट्रिगर (बाजूला धरलेल्या फ्लॅशला इशारा देणारं यंत्र) या टिकलीवरच चालत आला आहे. कॅननने ३०००डी आणि २००डी मार्क २ या मॉडेलांत ती टिकलीच काढून टाकली. कॅननच्या पद्धतीने संकेत समजणारा महागडा फ्लॅश त्यांच्यावर चालतो, पण एकाच पिनवर चालणारा साधा ट्रिगर बसवला तर काहीच होत नाही. २०१७ च्या मूळ २००डी मध्ये टिकली जागेवर आहे. म्हणजे जुना मॉडेल माझ्या कामाला जास्त योग्य आणि वर स्वस्तही. जाहिरातीतल्या तुलनेच्या तक्त्यात ही टिकली सापडत नाही. कॅमेरा उलटासुलटा करून, स्वतःच्या डोळ्यांनी बघावी लागते.

खरेदीला मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात गेले. तिथे एका गल्लीत हातात घेऊन बघता येतील इतके वापरलेले कॅमेरे असतात. भाचा सोबत होता. काउंटरवर काय काय तपासायचं ते मी घरूनच लिहून नेलं होतं. अ‍ॅपर्चर एफ/२२ करून पांढऱ्या भिंतीचा, मुद्दाम फोकस घालवून फोटो काढायचा. सेन्सरवर धूळ असेल तर काळे ठिपके दिसतात. लेन्सला टोपण लावून काही सेकंदांचा फोटो घ्यायचा. काळ्या पटावर लाल-हिरवे ठिपके चमकले तर ते बिघडलेले पिक्सेल. स्क्रीनची बिजागरी पूर्ण फिरवून बघायची, प्रत्येक कोनात चित्र टिकतं का. फोकस जवळच्या आणि लांबच्या वस्तूवर आलटून पालटून. शटर किती वेळा उघडलंय तो आकडा निकॉनच्या फोटोच्या फाइलमध्येच लिहिलेला असतो. कॅननच्या या कॅमेऱ्यांत तो फाइलमध्ये येत नाही, लॅपटॉपला केबलने जोडून वेगळ्या सॉफ्टवेअरने काढावा लागतो. आम्ही लॅपटॉप नेला होता. दुकानदाराने आनंदाने जोडू दिला, "बघून घ्या मॅडम, नंतर बोलायला नको." मला तो माणूस आवडला. १८-५५ च्या लेन्ससह बॉडी तिथेच घेतली.

१०-१८ साठी मात्र थांबावं लागलं. एका विक्रेत्याने घरी दाखवायला आणली, बाहेरून अगदी कोरी. फोनची टॉर्च मागच्या काचेतून आत टाकली आणि समोरून तिरपं बघितलं, तर आत कोळिष्टकासारखे बारीक पांढरे धागे. बुरशी. आपल्याकडच्या पावसाळ्यात बॅगेत बंद राहिलेल्या लेन्सचं हेच होतं, आणि बुरशी काचेवरच्या थराला खाते, त्यामुळे साफ करूनही डाग राहू शकतो. ती परत पाठवली. पुढे स्वच्छ मिळाली ती एका लग्नाच्या फोटोग्राफरकडून. त्याने सगळं सामान मिररलेसमध्ये बदललं होतं. टॉर्चची ही तपासणी चांगल्या उजेडात होत नाही. खोली अंधारी करूनच करावी.

५० मिलीमीटर एफ/१.८ एसटीएम नवीच घेतली. वजन १६० ग्रॅम, आणि नव्या लेन्समध्ये ती सगळ्यांत परवडणारी. तिच्यात स्टॅबिलायझर नाही, म्हणून शटर साधारण एक ऐंशीयांश सेकंदाच्या आत ठेवते किंवा कॅमेरा तांदळाच्या छोट्या पिशवीवर टेकवते. वीरगळाची एकेक चौकट घ्यायला तिच्याइतकी चोख लेन्स माझ्याकडे दुसरी नाही. चौकटीच्या चारही बाजू सरळ येतात.

खर्चातली शेवटची वस्तू म्हणजे हाताने ताकद कमी-जास्त करायचा साधा फ्लॅश आणि रेडिओ ट्रिगरची जोडी. तिच्यासाठीच तर कॅमेरा निवडला होता.

कॅमेरा घरी आल्यावर पहिल्यांदा गेले ती कृष्णाकाठच्या एका गावी, जिथल्या लेखाचे फोटो नीट आले नव्हते. दुपार झाली होती, ऊन डोक्यावर. देवळातले गुरव म्हणाले, "ताई, सकाळच्या पारी यायचं की. तवा ऊन तिरपं असतंय, अक्षरं दिसत्यात." शास्त्र तेच आहे. खोदलेली रेघ दिसते ती तिच्या सावलीमुळे, आणि समोरून उजेड पडला की सावली पडतच नाही. भाच्याने दगडावर सतरंजी धरून सावली केली. कॅमेरा आयएसओ १०० वर (म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता सगळ्यांत कमी), शटर एक दोनशेवा सेकंद, अ‍ॅपर्चर एफ/८. या मापावर सावलीतला दगड स्क्रीनवर जवळपास काळा येतो, म्हणजे बाहेरच्या उजेडाचा हस्तक्षेप संपला. मग फ्लॅश हातभर अंतरावर, दगडाच्या पृष्ठभागाला अगदी लागून, डावीकडून.

पहिल्या फोटोत काने आणि उभे दंड एकदम वर आले. शिरोरेषा मात्र कुठेच नाही. फ्लॅश वरून, दगडाच्या माथ्याकडून टाकला तर शिरोरेषा आणि आडवे फाटे दिसायला लागले आणि काने बुजले. रेघेच्या दिशेनेच उजेड गेला तर तिची सावली पडत नाही, इतकं साधं कारण. तेव्हापासून मी प्रत्येक ओळ चार बाजूंनी उजेड टाकून घेते, कॅमेरा जराही न हलवता. आमच्याकडे बरेच लेख जुन्या कन्नड लिपीत आहेत. त्या गोलाईदार अक्षरांना तर एका बाजूचा उजेड कधीच पुरत नाही. चारही फोटो एकावर एक ठेवून बघितले की टवका कुठला आणि वळण कुठलं, ते कळतं. टवक्याची कड वेडीवाकडी आणि खोली उथळ असते. छिन्नीच्या रेघेला दोन्ही बाजूंना सारखी धार असते.

अक्षरांत खडू, पीठ किंवा रांगोळी भरून फोटो काढायची पद्धत अजून गावोगाव दिसते. कृपा करून ते करू नका. भरणाऱ्याला जे अक्षर वाटतं तेच भरलं जातं आणि मूळ रेघ त्याखाली जाते, शिवाय कण दगडाच्या सच्छिद्र भागात बसतात. ओला कागद लावून ठसा घेणं हे जाणकाराचं काम आहे. आपल्यासारख्याने दगडाला हात न लावता उजेडावर भागवावं.

शेंदूर, तेल आणि हल्ली ऑइलपेंट लावलेल्या दगडांची गोष्ट वेगळी. त्यांच्यावर फ्लॅश चमकतो आणि पांढरे पट्टे येतात. त्यासाठी पोलरायझर फिल्टर घेतला. १०-१८ ला ६७ मिलीमीटरचा लागतो, १८-५५ ला ५८ चा, ५० ला ४९ चा. तीन फिल्टर न घेता ६७ चा एकच घेतला आणि बाकीच्यांना स्वस्तातल्या जोडकड्या. फिल्टर फिरवत गेलं की एका जागी चमक उतरते आणि खालचं कोरीवकाम दिसतं. उजेड दीड-दोन स्टॉप कमी होतो, पण फ्लॅशची ताकद वाढवली की भरून निघतो.

स्वर्गमंडपासारख्या जागी, जिथे आभाळ आणि अंधार एका चौकटीत येतात, तिथे कॅमेऱ्याला तीन वेगवेगळ्या उजेडांचे फोटो लागोपाठ काढायला लावते आणि नंतर जुळवते. जुळवायला आणि रॉ उघडायला कॅननचं स्वतःचं सॉफ्टवेअर आणि डार्कटेबल, दोन्ही फुकट आहेत.

सामान आता झाकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या मोठ्या डब्यात असतं, सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणाऱ्या छोट्या मीटरसह. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये ठेवते. पावसाळ्यात जेल लवकर रंग बदलतं, तेव्हा ते कढईत मंद आचेवर परतून पुन्हा वापरते. स्क्रीनवर बघून काम केल्यामुळे बॅटरी कागदावरच्या ६५० फोटोंच्या निम्मीही चालत नाही, म्हणून दोन बाळगते.

५५-२५० ची लेन्स अजून घेतलेली नाही. शिखरावरची शिल्पं जमिनीवरून घ्यायला ती लागेलच. या कॅमेऱ्यावर तिची पोच ४०० मिलीमीटरइतकी होते आणि तिलाही ५८ चीच जोडकडी चालेल. दिवाळीनंतर बघू. तोवर कामाची पद्धत बसली आहे: गावात पोचल्यावर पहिला फोटो फोनवर, कारण २००डी मध्ये जीपीएस नाही आणि जागेची नोंद फोनच करून देतो. दुसरा कॅमेऱ्याने, दगडाशेजारी सेंटीमीटरची पट्टी उभी करून. मग पट्टी बाजूला, चौकटी खालून वर, आणि लेख असेल तर चार बाजूंनी. रात्री घरी येऊन फाइलींना गावाचं नाव, देवळाचं नाव आणि दगडाचा क्रमांक. हे काम मी त्याच दिवशी करते. दुसऱ्या दिवसावर गेलं की कुठला दगड कुठल्या पारावरचा, ते फोटो बघून सांगता येत नाही.